मीटर पळतंय, मोटार जळतेय : वाचकांचे विजेबद्दलचे प्रश्न

मागच्या अंकात याच पानावर मी लिहिलं होतं की विजेचं बिल नुसतं भरू नका, ते वाचायलाही शिका. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून सहा निवडलेत. नावं देत नाही, फक्त गाव देतो. माझी बरीच वर्षं सबस्टेशन आणि मीटर टेस्टिंगच्या कामात गेली, त्यामुळे जे स्वतः हाताळलंय त्याच्याच आधारावर सांगतोय.

प्रश्न – सर, मार्चमध्ये आमचं जुनं चकतीचं मीटर काढून नवीन लाईटवालं मीटर बसवलं. आधी १३०-१४० युनिट यायचे, आता १७५ आले. घरात एकही नवीन वस्तू घेतलेली नाही. मीटरवरचा लाल दिवा सारखा लुकलुकतो, शेजारच्या काकू म्हणतात ही मीटरं मुद्दाम फास्ट केलेली असतात. तक्रार करू का? (एक भगिनी, कोथरूड, पुणे)

उत्तर – ताई, तक्रार जरूर करा, तुमचा हक्कच आहे तो, पण त्याआधी एक रविवार सकाळ द्या आणि स्वतः मोजून बघा, कारण हातात आकडे असले की समोरचा माणूस तुम्हाला टाळू शकत नाही.

त्याआधी एक साधी गोष्ट. फेब्रुवारीचं बिल आणि एप्रिलचं बिल शेजारी ठेवून उपयोग नाही, मधे उन्हाळा आला, पंखे दिवसभर सुरू, फ्रिजचा कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा, बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात ते बघा.

आता मोजायचं कसं. मीटरच्या तोंडावर इंग्रजीत बारीक अक्षरात '३२०० इम्प / केडब्ल्यूएच' असं काहीतरी लिहिलेलं असेल, आकडा वेगळाही असू शकतो, १६०० असतो, ६४०० असतो. त्याचा अर्थ एवढाच की १ युनिट वीज मीटरमधून गेली की तो लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. म्हणजे दिवा लुकलुकतो ही चूक नाही, ते त्याचं मोजणंच आहे. आणि १ युनिट म्हणजे १००० वॉटची वस्तू १ तास चालवणं, बस.

मग मुलाला मोबाईल देऊन खाली मीटर रूममध्ये उभं करा, तुम्ही वर. आधी घरातलं सगळं बंद, म्हणजे सगळं, फ्रिजचं बटण, इन्व्हर्टर, वायफाय, सेट टॉप बॉक्स, देवघरातला झिरोचा बल्बसुद्धा. पाच मिनिटं थांबा. दिवा तरीही लुकलुकला तर मीटरचा दोष असेलच असं नाही, बहुतेक वेळा वायरिंगमध्ये काहीतरी असतं, कुठेतरी लिकेज असतं किंवा दुसऱ्या फ्लॅटची वायर तुमच्या मीटरवर आलेली असते. दिवा शांत राहिला तर पुढचं पाऊल, फक्त इस्त्री लावा. इस्त्री १००० वॉटची असेल तर ३२०० भागिले ६०, म्हणजे मिनिटाला ५३ वेळा दिवा लुकलुकायला पाहिजे. इस्त्री थंड असतानाच पहिल्या एक-दोन मिनिटांत मोजा, नाहीतर ती तापली की आतला थर्मोस्टॅट बंद करतो आणि हिशोब चुकतो.

समजा मुलाने ४४ मोजले किंवा ६० मोजले. लगेच मीटर खोटं म्हणू नका. इस्त्रीवरचे १००० वॉट हे २३० व्होल्टला असतात आणि तिची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, २१० व्होल्ट असले तर तीच इस्त्री ८३० वॉटच्या आसपास घेते आणि २४५ असले तर ११३०. म्हणून वायरमनकडून त्याच वेळी व्होल्टेज मोजून घेतलं तर उत्तम. एवढं करूनही ८०-९० आले तर मात्र ताबडतोब लेखी अर्ज करा आणि मीटर टेस्टिंगला पाठवा. आपल्याकडचं घरगुती मीटर क्लास १ चं असतं, म्हणजे नेहमीच्या लोडला शंभरात एकापेक्षा जास्त चूक चालत नाही.

आणखी एक बघा. मीटरवर 'ईएल' किंवा 'अर्थ' असं लिहिलेली वेगळी खूण किंवा दिवा असतो. नवीन मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडचा करंट मोजतं, दोन्हीत फरक पडला की हा दिवा लागतो आणि जो करंट जास्त असेल त्यावर युनिट धरले जातात. जुन्या बिल्डिंगमध्ये दोन घरांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र जोडलेले असतात, चकतीच्या मीटरला त्याचा पत्ता लागत नव्हता, नवीन मीटरला लगेच लागतो, आणि लोक म्हणतात मीटर फास्ट. माझ्या टेबलावर आलेल्या अशा कितीतरी तक्रारींचं मूळ शेवटी न्यूट्रलमध्येच सापडलंय, आणि ते काम तासाभराचं असतं.

राहिलं तुमचं जुनं मीटर. त्यात दोन कॉइल असतात, एक व्होल्टेजची, एक करंटची, आणि मधे ॲल्युमिनियमची पातळ चकती. दोन्ही कॉइलच्या चुंबकत्वाने चकती फिरते, एक कायमचा लोहचुंबक तिला धरून ठेवायला बघतो, आणि या दोघांच्या ओढाताणीत चकतीचा वेग बरोबर वापराच्या प्रमाणात राहतो. फार सुंदर यंत्र आहे ते, १८८९ पासून जगभर चाललं. त्याच्या आधी न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या कंपनीचं मीटर म्हणजे द्रावणात बुडवलेल्या जस्ताच्या पट्ट्या, माणूस महिन्याने यायचा, पट्ट्या काढून न्यायचा आणि वजन करून बिल काढायचं. पण चकतीचं मीटर वीस-पंचवीस वर्षांनी सुस्त होतं, बेअरिंग झिजतं, धूळ बसते, छोटा लोड असला तर चकती हलतच नाही. तुमचे आधीचे १३० कदाचित खरे १४५ असतील. हे ऐकायला बरं वाटत नाही मला माहीत आहे, पण मी टेस्ट बेंचवर अशी मीटरं रोज बघितली आहेत.

प्रश्न – साहेब, माझी विहीर पोलपासून ४०० मीटर लांब आहे. ५ एचपीची मोटार, ४ स्क्वेअरची ॲल्युमिनियम केबल. दोन वर्षांत दोनदा मोटार जळाली. रिवाइंडिंगवाला म्हणतो व्होल्टेज कमी आहे. पण व्होल्टेज कमी तर करंटपण कमी लागायला पाहिजे ना, मग मोटार जळते कशी? (एक शेतकरी, अहमदपूर, जि. लातूर)

उत्तर – दादा, तुमचा प्रश्न वाचून मी उठून कागद-पेन घेऊन बसलो, कारण हा हिशोब प्रत्येक शेतकऱ्याला माहीत पाहिजे आणि कुणी सांगत नाही.

बल्ब असता तर तुमचं बरोबर होतं, व्होल्टेज कमी तर बल्ब मंद जळतो आणि करंटही कमी घेतो. मोटारीचं तसं नाही. तिच्यावर पाण्याचा भार आहे, पाणी तेवढंच वर चढवायचंय, त्यासाठी ताकद तेवढीच लागणार. व्होल्टेज कमी मिळालं की ती जास्त करंट ओढून ती ताकद भरून काढते. आणि कॉइलमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट दुप्पट तर उष्णता चौपट. सगळी गोम इथे आहे.

५ एचपीची मोटार ४१५ व्होल्टला साधारण साडेसात ॲम्पिअर घेते. आता तुमची डीपी (पोलवरचा ट्रान्सफॉर्मर) गावातल्या सगळ्या मोटारी सुरू झाल्यावर ३८० देत असेल, त्यात काही नवल नाही. तुमच्या ४ स्क्वेअर (म्हणजे ४ चौरस मिलीमीटर जाडीच्या) ॲल्युमिनियमच्या एका तारेचा रेझिस्टन्स ४०० मीटरला जवळपास ३ ओहम भरतो. करंट वाढला की केबलमध्ये व्होल्टेज आणखी पडतं, व्होल्टेज पडलं की मोटार आणखी करंट घेते, असं करत करत हे प्रकरण कुठे जाऊन थांबतं तर मोटारीवर ३४० व्होल्ट आणि ९ ॲम्पिअर. करंट सव्वापटीच्या जवळ गेला, म्हणजे वाइंडिंगची उष्णता जवळजवळ दीडपट. उन्हाळ्यात विहिरीतलं पाणी खाली गेलेलं, मोटार आठ तास चालतेय, वाइंडिंगचं इन्सुलेशन किती दिवस टिकणार?

आणि केबलमध्ये काय होतंय तेही ऐका. तीन तारा, ९ ॲम्पिअर, ३ ओहम, वर्ग करून गुणलं तर सव्वासातशे वॉट होतात. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे तुमची केबल मातीखाली जवळपास १ एचपी नुसती गरम होण्यात खातेय, आठ तासांना पावणेसहा युनिट, एक थेंब पाणी न चढवता. त्याच जागी १० स्क्वेअरची केबल टाकली तर रेझिस्टन्स निम्म्याहून खाली येतो, केबलमध्ये पडणारं व्होल्टेज चाळीसवरून पंधराच्या आसपास येतं आणि मोटारीला ३६५ मिळतात. केबलला पैसे लागतात हे खरं, पण दोन रिवाइंडिंग आणि दोन वेळा सुकलेलं पीक यांची बेरीज करून बघा.

केबल लगेच जमत नसेल तर स्टार्टरला कपॅसिटर लावा, ५ एचपीला २ केव्हीएआरचा, तुमच्याकडे कंडेन्सर म्हणतात तोच. मोटारीला चुंबकत्वासाठी जो जास्तीचा करंट लागतो, जो नुसता डीपीपर्यंत येरझाऱ्या घालतो, तो या कपॅसिटरमधून जागेवरच मिळतो आणि केबलवरचा, डीपीवरचा भार उतरतो. एकट्याने लावला तर थोडा फरक, डीपीवरच्या सगळ्यांनी लावला तर मोठा फरक. याच्या उलट काम करतो तो ऑटो स्विच. रात्री लाईट आली की ऑटोवर ठेवलेल्या पंचवीस मोटारी एकाच सेकंदाला उठतात, सुरू होताना मोटार पाच-सहापट करंट ओढते, डिओ (डीपीवरचा फ्यूज) उडतो नाहीतर डीपीच जळते, आणि मग आठ दिवस सगळं गाव अंधारात. थंडीत रात्री दोनला कुणाला उठावंसं वाटत नाही, मी समजू शकतो, मीही शेतकऱ्याच्याच घरचा आहे. पण निदान ऑटोला टायमर लावा आणि आपापसात ठरवून घ्या, तुमची दोन मिनिटांनी, शेजाऱ्याची चार मिनिटांनी.

एक विनंती मात्र हात जोडून. फेज गेला तर कंडेन्सर टाकून दोन फेजवर थ्री फेज मोटार चालवू नका. आणि डिओ स्वतः टाकायला पोलवर चढू नका, लाईन बंद आहे असं समजून चढलेला माणूस खाली आलेला मी बघितलाय, त्यावर जास्त लिहवत नाही.

प्रश्न – मी अकरावी सायन्सला आहे. वीज आमच्या चंद्रपूरला तयार होते आणि मुंबईला जाते. मग ती मधेच एवढी लाखो व्होल्ट का करतात, आणि मुंबईत कुणी पंखा लावला तर चंद्रपूरच्या प्लांटला कसं कळतं? (एक विद्यार्थिनी, चंद्रपूर)

उत्तर – दुसरा प्रश्न तर फारच आवडला मला. पहिल्याचं उत्तर वरच्या शेतकरी काकांच्या केबलमध्येच आहे, फक्त आकडे मोठे करायचे.

तुमच्याकडच्या प्लांटची क्षमता २९२० मेगावॉट, त्यात ५०० मेगावॉटचे पाच संच आहेत. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइनच्या दांड्यावरचं जनरेटर मिनिटाला ३००० फेरे मारतं. कोळशातली साधारण एक तृतीयांशाच्या थोडी वर ऊर्जा वीज होते, बाकीची कूलिंग टॉवरवरच्या ढगासारख्या वाफेत आणि चिमणीतून जाते. १ युनिटला आपल्या कोळशाचे साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅम लागतात. कोयनेच्या पोफळीत तेच काम पाणी करतं, तिथे जवळपास पावणेपाचशे मीटर उंचीवरून पाणी पडतं आणि १ युनिटला साडेआठशे ते नऊशे लिटर लागतं, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी जवळजवळ पूर्ण.

या ५०० मेगावॉटच्या जनरेटरमधून वीज बाहेर पडते ती २१ हजार व्होल्टला, आणि करंट असतो सोळा हजार ॲम्पिअर. एवढा करंट तारेने नेताच येत नाही, माणूस वाकून आत शिरेल अशा ॲल्युमिनियमच्या जाड नळकांड्यांतून तो बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत नेतात, आणि तेही थोडंसंच अंतर. ट्रान्सफॉर्मर त्याचे ४ लाख व्होल्ट करतो, करंट उतरतो साडेआठशेच्या आसपास. करंट १९ पट कमी झाला, म्हणजे त्याच तारेतलं नुकसान ३६० पट कमी. व्होल्टेज वाढवतात ते केवळ यासाठी.

चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्याला एक वेगळी लाईनही जाते, १९९९ पासून, ७५२ किलोमीटरची, १५०० मेगावॉटची, आणि ती एसी (सतत दिशा बदलणारी वीज) नसून डीसी (एकाच दिशेने वाहणारी) आहे, अधिक-उणे ५ लाख व्होल्ट. एवढ्या लांबीवर एसीचं एक दुखणं असतं, तारा आणि जमीन मिळून मोठा कपॅसिटर बनतो आणि सेकंदाला पन्नास वेळा तो भरण्या-रिकामा करण्यातच करंट खर्ची पडतो. डीसीत तो एकदा भरला की झालं, शिवाय तीनऐवजी दोन तारांचे संच पुरतात. दोन्ही टोकांना थायरिस्टरचे (मोठ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांचे) मोठे हॉल लागतात, एसीचं डीसी आणि परत डीसीचं एसी करायला, त्यामुळे जवळच्या अंतराला परवडत नाही. तेच १५०० मेगावॉट २३० व्होल्टने पाठवायचे म्हटले तर ६५ लाख ॲम्पिअर होतात. डीसी लाईनमध्ये तो १५०० ॲम्पिअर आहे.

आता पंखा. जनरेटरचे ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०, तेच आपलं ५० हर्ट्झ. मुंबईत पंखा लागला की तारेतून थोडी जास्त वीज ओढली जाते, ती कुठून येणार, साठवलेली तर कुठे नाही. ती येते ग्रिडला, म्हणजे विजेच्या तारांच्या देशभरच्या जाळ्याला, जोडलेल्या सगळ्या फिरणाऱ्या यंत्रांच्या गतीतून, सगळी जनरेटरं अगदी केसाएवढी सावकाश होतात, घाटात बैलगाडीवर एक पोतं जास्त टाकल्यावर बैलांची चाल पडावी तशी. पंखा एकटा असेल तर दिसणारही नाही. संध्याकाळी सात वाजता लाखो घरांत दिवे लागले की ५० चं ४९.९ होतं, संचावरचा गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारं यंत्र, ते ओळखतो आणि वाफेचा व्हॉल्व्ह जास्त उघडतो. कुणी फोन करत नाही, फेऱ्यांचा वेगच निरोप असतो. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूरची ७६५ केव्हीची लाईन जोडली तेव्हापासून दक्षिणेचं ग्रिडही बाकी देशाच्या लयीत आलं, म्हणजे तुझ्या घराच्या प्लगमध्ये जी फ्रिक्वेन्सी आहे तीच या क्षणाला काश्मीरमध्येही आहे आणि तामिळनाडूमध्येही.

साठवायची सोय अगदी नाही असं नाही, घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे, मागणी कमी असताना पाणी पंपाने वरच्या धरणात चढवतात आणि मागणी वाढली की सोडतात. पण एकूण वापराच्या मानाने ते थोडंच.

प्रश्न – छतावर ३ किलोवॉटचं सोलर लावलं. भर दुपारी लाईट गेली तर सोलरही बंद पडतं! ऊन आहे, पॅनल आहेत, मग आम्ही गरमीत का बसायचं? फसवलं का आम्हाला? (नाशिक)

उत्तर – फसवलं नाही, पण विकताना नीट सांगितलं नाही, आणि ते सांगायला हवंच होतं. तुमचा इन्व्हर्टर ऑन-ग्रिड आहे, तो ग्रिडचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बघून त्याच्या तालात आपली वीज मिसळतो. ताल देणारं ग्रिडच गेलं तर तो क्षणात स्वतःला तोडून घेतो, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. तुमच्या गल्लीत फॉल्ट काढायला लाईनमन पोलवर चढलाय, त्याला वाटतंय लाईन मेलेली आहे, आणि तुमच्या छतावरून वीज उलटी जाऊन डीपीत शिरली तर तीच डीपी तिला २३० वरून ११ हजार व्होल्ट करून लाईनवर टाकेल. दुपारी घरी वीज हवीच असेल तर बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर लागेल, तो ग्रिडपासून वेगळा होऊन तुमच्या घरापुरता चालतो.

लाईट असतानाही दुपारी बारा-एकला इन्व्हर्टर ट्रिप होत असेल तर त्यावरचं व्होल्टेज बघा. गल्लीत बऱ्याच जणांचं सोलर असलं आणि दुपारी वापर नसला की व्होल्टेज चढतं आणि ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की तो बंद होतो. इन्स्टॉलरला फोटो काढून दाखवा. चांगल्या उन्हाच्या दिवशी ३ किलोवॉटचे १२ युनिटच्या आसपास यायला पाहिजेत, रोज आठच येत असतील तर पॅनल धुतलेत का तेही बघा.

प्रश्न – चार्जर प्लगमध्ये नुसता राहिला तर बिल येतं का? (सांगली)

उत्तर – नावापुरतं, महिन्याला युनिटचा काही भाग. त्यापेक्षा सेट टॉप बॉक्सकडे बघा, माझ्या घरचा जुना बॉक्स रिमोटने बंद केल्यावरही १० वॉट घेत होता, चोवीस तास तीस दिवस म्हणजे सव्वासात युनिट. मी तो आता भिंतीवरच्या बटणाने बंद करतो.

प्रश्न – आमच्या खिडकीसमोर डीपी आहे. ती रात्री गुणगुणते, मला भीती वाटते. ती फुटणार आहे का? (इयत्ता सहावी, सावंतवाडी)

उत्तर – नाही बाळा, घाबरू नकोस. डीपीच्या पोटात लोखंडी पत्र्यांची चळत असते आणि तिच्याभोवती तारा गुंडाळलेल्या असतात. तारेतून वीज गेली की ते लोखंड चुंबक होतं, आणि चुंबक होताना ते अगदी किंचित लांब-आखूड होतं, डोळ्याला दिसणार नाही इतकं. विजेची दिशा सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, एकदा सरळ आणि एकदा उलट असं दोन्ही वेळा लोखंड हलतं, म्हणून ते सेकंदाला शंभर वेळा थरथरतं आणि त्याचाच तो आवाज. रात्री रस्त्यावर गाड्या नसतात म्हणून जास्त ऐकू येतो, आणि लोकांनी दिवे-पंखे बंद केले की व्होल्टेज थोडं वाढतं, त्यानेही आवाज चढतो. आवाज एकसारखा असेल तर ती धडधाकट आहे. चटचट असा तडकल्यासारखा आवाज आला, ठिणगी दिसली किंवा खाली तेल गळलेलं दिसलं तर मात्र जवळ जायचं नाही, बाबांना सांगून वीज ऑफिसला फोन करायला लावायचा.